आमच्या खोलीचं दार बँडमध्ये आहे

"वहिनी गप्प असतात म्हणून बँड टिकलाय, नाहीतर तुझं लग्न झालं तेव्हाच आपण संपलो होतो," असं माझा दीर माझ्या नवऱ्याला अगदी हळू आवाजात सांगत होता, आणि मला ते शब्दन् शब्द ऐकू आलं, कारण आमच्या खोलीला दार नाही. म्हणजे होतं. लग्नाच्या दिवशी होतं, मी स्वतः पाहिलंय, जाडजूड, आतून पितळी कडी. बाराव्या दिवशी ड्रमसेट आला, मागच्या बाजूला शेजार नाही म्हणून तालमीला आमचीच खोली ठरली, त्यातला सगळ्यांत मोठा ड्रम काही आत शिरेना, तर दिराने... तो सुतार आहे हे मुद्दाम सांगते, लोकांची दारं बसवणं हाच त्याचा धंदा... बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, वहिनी, उद्या बसवतो. मी काहीच बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, बोलायचं की. कसं बोलणार? या बँडची एक पद्धत आहे. काहीही ठरवायचं असलं, अगदी गिटारची तार बदलायची असली, तरी आधी डोळे मिटून प्रार्थना करायची, मग विचारायचं, सगळ्यांच्या मनाला शांती आहे ना? ज्याला नसेल त्याने सांगायचं. जो गप्प, त्याला शांती आहे असं धरायचं. आता मी माहेरीसुद्धा मीठ मागायच्या आधी तीनदा विचार करणारी, त्यामुळे या घरात पाऊल टाकल्यापासून माझ्याइतकी शांती कुणालाच नाही. रोज संध्याकाळी तालीम? वहिनींना शांती आहे. आमचा पलंग दुपारपासून भिंतीशी उभा करून ठेवायचा? शांती आहे. पलंग उभा, मी उभी, आणि मला शांती.

बँड म्हणजे तिघं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, गिऱ्हाइकांशी दिवसभर इतका मऊ बोलतो की म्हाताऱ्या बायका त्याला आशीर्वाद देऊन जातात, आणि संध्याकाळी माइक हातात आला की प्रभूची स्तुती अशी किंचाळतो, जणू प्रभू थोडा कमी ऐकतो. दीर ड्रमवर. एक प्लंबर बेस गिटारवर, त्याने सूर लावला की कपाटातल्या माझ्या बांगड्या ताल धरतात.

तरी मला वाटलं होतं, एकदा चर्चमध्ये वाजवतील, लोक कानावर हात ठेवतील आणि दार परत येईल. वाजवलं. तिथली फरशी गुळगुळीत, दिराच्या प्रत्येक ठोक्याला ड्रम चार बोटं पुढे, ड्रममागे दीर पुढे, आणि दुसरं गाणं संपेपर्यंत तो पहिल्या बाकावर बसलेल्या पाळकसाहेबांच्या गुडघ्यांशी वाजवत होता. पुढच्या रविवारी त्याने काय करावं? माझं दार नेलं, ड्रमखाली आडवं घातलं. ड्रम हलला नाही. पाळकसाहेब बंदी घालायच्या तयारीने आले होते, ते दार बघून उठले आणि सगळ्या मंडळीला म्हणाले, नव्या सुनेने आपल्या खोलीचं दार काढून प्रभूच्या कामाला दिलंय, हिला म्हणतात साक्ष! टाळ्या काय, डोळे पुसणं काय... मी तिसऱ्या बाकावर होते. मी काहीच बोलले नाही.

तिथून बँड जो सुटला! नाव पडलं 'उघडं दार'. तरुणांच्या मेळाव्यात वाजवलं, शेजारच्या गावच्या सभागृहात वाजवलं, पोस्टरवर हे तिघं हाताची घडी घालून उभे आणि मागे माझं दार, कडीसकट. मुली दारावर सह्या करून जायला लागल्या. एकदा तर दारापाशी फोटो काढायची रांग होती, त्या रांगेत मीही उभी राहिले, म्हटलं बघून तरी येऊ कसं आहे.

आणि घरी काय? घरी पडदा. पडद्याला काय कळतं हो? सासूबाई बिचाऱ्या जाता-येता खोकतात, त्यांचा घसा आता खरंच बसलाय. प्लंबर खोकतही नाही, सरळ मुंडकं आत घालून विचारतो, वहिनी, माझी वायर दिसली? लग्नाला साडेतीन महिने झाले आणि मी नवऱ्यावर एकदाही धड रागावले नाहीये, कारण रागवायला दार लागतं. कानात कुजबुजून कुणी रागावतं का? मी करून पाहिलं. तो लाजला.

तर या रविवारी, मोठ्या संमेलनाचं बोलावणं आलेलं, टेंपो आलेला, स्पीकर चढले, आणि दार काही टेंपोत बसेना. दिराने अंगणात दार दोन स्टुलांवर आडवं ठेवलं, मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाला, आडवं कापू, दोन तुकडे वर-खाली रचून नेऊ. प्रार्थना झाली. शांती आहे ना? मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण सवय नाही ना, शब्द घशापर्यंत येऊन बसला... वहिनींना शांती आहे, म्हणत त्याने करवत लावली. दार हलू नये म्हणून दुसऱ्या टोकाला कुणी धरलं असेल? माझ्या नवऱ्याने. भुसा माझ्या चपलांवर पडत होता.

"मला शांती नाही."

करवत थांबली. आपल्या घरात हा आवाज कुणाचा, म्हणून सासूबाई दारात आल्या. प्लंबर टेंपोतून उतरला. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जणू चष्म्याचा नंबर आजच बदलला. आणि दीर, इतका कळवळून, की मलाच वाईट वाटावं, म्हणाला, "अहो वहिनी, आत्ता?"

मी वाकून पाहिलं. करवत अर्ध्याच्या पुढे गेली होती. कडी खालच्या तुकड्यात येत होती.

"कापा आता," मी म्हणाले. "पण खालचा तुकडा आजच माझ्या खोलीला बसवून द्या. मी खाली बसून रागवेन."