अकराव्या बर्गरचा निकाल

महापालिकेतून बाबांच्या मृत्यूचा दाखला घेतला आणि भूक लागली म्हणून सावेडीतल्या एका बर्गरच्या दुकानात शिरले. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गुरुजी आणि त्यांची नात बसली होती. दोघांच्या मध्ये वही आणि लाल पेन.

"आबा, नगरमधला हा अकरावा. किती द्यायचे?"

"पाव मऊ हाय, वीसपैकी पंधरा. टिक्की मात्र आपल्या वड्याची कॉपी. पाच वजा."

"आणि चीज?"

"माझी मिशी धरून बसलंय. बेशिस्तीचे आणखी दोन वजा."

"आज तरी हात सैल सोडा. सोमवारी मी नागपूरला चालले. हा शेवटचाच."

"चाळीस वर्षं पेपर तपासले, मनवा. फुकट मार्क कुणाला दिले न्हाईत."

"बरं, एकूण किती?"

"चौतीस."

"एका मार्कानं नापास? अहो, कागदाला लागलेला सॉससुद्धा चाटलात तुम्ही!"

"तो पुरावा तपासत हुतो."

"एक ग्रेस मार्क द्या की. वर्गातल्या पोरांना द्यायचात ना?"

"ह्याला न्हाई. लिही, नापास. फेरपरीक्षा दिवाळीच्या सुट्टीत. दोन्ही परीक्षक हजर पाहिजेत."

"दोन्ही?"

"व्हय. एकट्यानं तपासलेला पेपर मी धरत न्हाई."

"…लिहिलं, आबा."

"आता त्याच्याखाली सही कर तुझी."