डबीतली थोरली

राज : तो अडकित्ता खाली ठेव, मावशी. डबी फुटली तर सगळं वाया जाईल.

नवसाबाई : फुटायलाच पायजे. दोरा तुटला म्हणून माझ्या गळ्यातला थोरलीचा टाक दिला व्हता तुझ्याकडं. सराफ बाजारातून नुसता ओवून आण म्हणले. तू तं तिला प्लॅस्टिकात गाडून आणली!

राज : गाडलेलं नाही, सील केलंय. मुंबईत नवीन कंपनी निघालीय. जुनी नाणी तपासतात, अस्सल की नकली ते बघतात, दर्जा ठरवतात आणि अशा डबीत कायमची बंद करून देतात. हे बघ, वर नाव छापलंय. नहपान. दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा होता.

नवसाबाई : राजा-बिजा मला नको सांगू. तुझ्या आज्याला हे नाणं नांगरताना घावलं, सोनारानं कडी लावली, आन् थोरली गेल्यावर तुझ्या बापानं तिच्या नावानं माझ्या गळ्यात घातलं. त्या दिवसापासनं ती थोरली हाय. कडी कुठं गेली?

राज : कापली. कडीसकट डबीत बसत नव्हतं.

नवसाबाई : कापली? कुणाला इचारून?

राज : विचारायचं कुणाला? आई माझी आहे. तू दुसरी.

नवसाबाई : दुसरी म्हणूनच गळ्यात वागवली ना! नवं लुगडं आधी तिला लावायचं, मंग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला. लग्नात तुझ्या शुभांगीची ओटी भरली, ती बी आधी टाकाला दावून. उद्या नवमी हाय, अहेव गेलेल्या बायांची. सांग, ताट कुणापुढं वाढू? आंघोळ कुणाला घालू? या डबीला? पाणी वरनंच वघळून जाईल.

राज : तुला काहीच करायचं नाहीये. मी आजच तिला गंगापूर रोडच्या फ्लॅटवर नेतोय. उद्याचं ताट शुभांगी वाढेल.

नवसाबाई : शुभांगीला काय ठावं ती कोण व्हती?

राज : तुला तरी कुठं ठाऊक होतं? तू पाहिलं होतंस तिला?

नवसाबाई : नाय पाहिलं. तरी सांभाळली.

राज : सांभाळली! कोंडाजीची दुसरी बायको पहिलीला गळ्यात बांधून फुलांच्या बाजारात झेंडू विकतेय, हे सगळं मखमलाबाद बघायचं. शाळेत पोरं मला चिडवायची, तुझी आई दोऱ्याला टांगलीय म्हणून. तुझ्या गळ्याकडं बघितलं की डोकं फिरायचं माझं. अजून फिरतं.

नवसाबाई : मंग तवाच का नाय बोलला?

राज : बोललो असतो तर जेवायला वाढलं असतंस?

नवसाबाई : जीभ झडली नाय तुझी हे बोलताना? कवा उपाशी निजवला रे तुला? दीपमाला माझ्या पोटची, पण दुधावरची साय तिला कवा दिसली नाय. जा, इचार तिला!

राज : मला उपाशी नाही ठेवलंस. पण आईला शिल्लक ठेवली नाहीस. ऐक, काय लिहिलंय यांनी. 'चेहरा झिजलेला. कड वाकलेली.' म्हणून दर्जा अगदी खालचा. तिथला माणूस विचारत होता, घरात हे कोण घासत बसतं? काय सांगू त्याला? दर अवसेला चिंच आणि राख घेऊन मोरीपाशी कोण बसायचं?

नवसाबाई : मी बसायचे. मग?

राज : मग काय? तिचा एक फोटो नाही या घरात. तूच मला सांगायचीस, ही बघ तुझी आई, पाया पड. मला तो चेहरा खरंच तिचा वाटायचा. तेवढीच होती माझ्याकडं, आणि तीही तू घासून घासून पुसून टाकलीस. सवतीचा राग, दुसरं काय!

नवसाबाई : झालं बोलून?

राज : झालं.

नवसाबाई : मंग ती डबी उलटी कर. मागनं कसं हाय?

राज : मागचं ठीक आहे. बाण दिसतोय, बाजूची अक्षरंही दिसताहेत.

नवसाबाई : चिंच मी दोन्हीकडनं लावायचे. मंग एकच बाजू कशी झिजली?

राज : मला काय माहीत!

नवसाबाई : मला माहीत हाय. ती गेली तवा तू अंगावर पिणारा. मी आले तं मला हात लावू देईना, रातभर रडायचा. एक डाव टाक हाती लागला आन् गप झाला. मंग तेच खूळ. दाढा आल्या तवा चावून चावून कड वाकवली. निजताना मुठीत धरायचा आन् त्या तोंडावर अंगठा फिरवत बसायचा, झोप लागोस्तर. दोरा वढून वढून माझ्या मानंला वळ पडलाय, हा बघ. बालवाडीत गेला तवर चाललं हे. मंग लाज वाटाया लागली तुला. सोनार म्हणला, बाई, काढून ठेवा, तोंड पुसत चाललंय. म्या म्हणलं, पुसू द्या. आईच्याच तोंडावरनं हात फिरवतोय लेकरू.

राज : हे कधी सांगितलं नाहीस मला.

नवसाबाई : तू इचारायला मुंबईला गेला. मला कुठं इचारलं?

राज : खोटं बोलतेयस तू.

नवसाबाई : मंग ठेव अंगठा. त्या झिजल्या जागी ठेवून बघ, बसतो का नाय.

(राज डबी हातात घेतो. झिजल्या तोंडावर अंगठा टेकवतो.)

राज : कसा ठेवू? मधे प्लॅस्टिक आहे.

नवसाबाई : सकाळपासनं तेच तं सांगते. घे, अडकित्ता.