पत्रिकेमागच्या पाच सूचना

मरगदम : म्हणजे हा छापखानेवाल्याचा घोळ नाही, जावईबापूंचाही नाही. तूच लिहून दिलंस हे.

पूंगोडी : हो. पुढचा मजकूर कदिरवेलने दिला, मागचा मी. मागची बाजू कोरीच होती.

मरगदम : कोरी होती म्हणून काय वाट्टेल ते छापायचं? अगं, वळैकाप्पूची पत्रिका आहे ही. लेकीला सातव्या महिन्यात बांगड्या भरायला बायकांना बोलावतोय आपण. तुमच्या बनियनच्या कारखान्यातला सूचनांचा फळा नव्हे हा. ऐक, मी वाचते. ‘एक. एका वेळी एकीनेच बोलावे.’ शंभर बायका येणार, आणि एका वेळी एकीने बोलायचं.

पूंगोडी : ‘माझ्याशी’ हा शब्द राहिला. ‘माझ्याशी एका वेळी एकीनेच बोलावे.’ ती चूक माझी.

मरगदम : चूक तेवढीच? ‘दोन. मोगरा आणू नये. तीन. गालाला आणि पोटाला हात लावू नये, चंदन मनगटाला लावावे. चार. जेवणं झाल्यावर बांगड्या उतरवल्या जातील, कोणी अपशकुन मानू नये.’ आता याला काय म्हणावं? त्या बांगड्या बाळंतपणापर्यंत हातात राहतात, अम्मणी, पोरी. पोटातल्या बाळाला त्यांचा आवाज ऐकू जातो.

पूंगोडी : मलाही जातो. झोपेत हात हलला तरी जाग येते. मी करून बघितलंय. गेल्या महिन्यात दोन्ही हातांत बारा-बारा घालून राहिले. चौथ्या दिवशी कारखान्यात खराब कापड चांगलं म्हणून पुढे सोडलं. सहाव्या दिवशी बोलणं बंद झालं.

मरगदम : बोलणं बंद झालं म्हणजे?

पूंगोडी : मामाच्या वसुमतीच्या लग्नात झालं होतं तसं. शब्द माहीत असतात, तोंडातून निघत नाहीत. तेव्हा चार तास होतं, या वेळी दीड दिवस. कदिरवेलने बांगड्या उतरवल्या, खिडकी लावली आणि बाहेर बसून राहिला. पोटात बाळ असताना मला ते पुन्हा नकोय. म्हणून सूचना.

मरगदम : दीड दिवस तू अशी, आणि मला कळवलं नाहीस?

पूंगोडी : बोलणं बंद होतं.

मरगदम : तुझ्यापुढे डोकं फोडून घ्यावं माणसाने. आणि हे खाली काय? ‘मला अ‍ॅस्पर्जर आहे. हा आजार नाही, मेंदूची ठेवण आहे. काही शंका असल्यास मला विचारावे.’ कोइमतूरच्या डॉक्टरांचा तो कागद दोन वर्षं मी माझ्या साड्यांखाली दडवून ठेवलाय. आणि तू तो शंभर घरांत वाटलास.

पूंगोडी : कागद नाही वाटला. त्यातली एक ओळ.

मरगदम : तुझी सासू काय म्हणेल? बघायला आले तेव्हा तू जांभळी रेशमी नेसून, मान खाली घालून कॉफी दिलीस. लक्ष्मी म्हणाली ती तुला. आता म्हणेल, दाखवली एक आणि पदरात घातली दुसरी.

पूंगोडी : ते बरोबरच आहे. दाखवली ती वसुमती होती.

मरगदम : काहीतरीच बडबडू नकोस.

पूंगोडी : तूच सांगायचीस, मामाच्या वसुमतीकडे बघ आणि शिक. मी शिकले. वहीत लिहून घेतलं होतं. हसताना तोंडावर हात. बसल्यावर पदर गुडघ्यावर. कोणी साडीचं कौतुक केलं की किंमत सांगायची नाही, कुठे घेतली ते सांगायचं. डोळ्यांत बघता येत नसेल तर भुवयांच्या मधोमध बघायचं. तिथे कुंकू असलं की मला सोपं जायचं. अप्पा गेल्यावर तुझ्याकडे बघताना कितीतरी दिवस मला जागा सापडेना.

मरगदम : हं.

पूंगोडी : तीन तास मी वसुमती झाले आणि मग दोन दिवस तापाने पडून होते. तू म्हणालीस, दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, असे मुलगे लवकर ओळखू येतात, मुली नक्कल करतात. आणि नक्कल चांगली जमली की लोक म्हणतात, काय गुणाची मुलगी आहे.

मरगदम : मी तुझ्या भल्यासाठीच शिकवत होते गं. शाळेत पोरी तुला ठोंब्या म्हणायच्या, तू घरी येऊन मला विचारायचीस, ठोंब्या म्हणजे काय. मला दुसरं काय सुचणार होतं? आणि आता तू केस कापलेस, जावईबापूंचे शर्ट घालून हिंडतेस. समोरची विचारते, तुमच्या पूंगोडीला पुरुष व्हायचंय का?

पूंगोडी : मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. नाही व्हायचं. ब्लाउजला शिवणी फार, त्या टोचतात. आमच्या कारखान्यात गोल विणलेल्या बनियनला बाजूची शिवणच नसते. ओले केस मानेला लागले की दुसरं काही सुचत नाही, म्हणून कापले. मी बाई आहे हे मला लक्षात ठेवावं लागत नाही, अम्मा. बाकीच्यांनाच त्याची सारखी आठवण करून द्यावी लागते.

मरगदम : बरं. पण ही पाचवी सूचना. ही मी मोठ्याने वाचणार नाही.

पूंगोडी : मी वाचते. ‘पहिल्या बांगड्या माझी आई मरगदम भरेल.’

मरगदम : कळतं का तुला काही? तुझे अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. हे सवाष्णींचं काम. माझ्यासारखीने त्या दिवशी स्वयंपाकघरात भाताकडे बघायचं, पाटाकडे नाही.

पूंगोडी : तुझ्याच हाताने मला दुखत नाही. तू अंगठ्याचं हाड आत दाबतेस, थांबतेस, मग बांगडी सरकवतेस. बाकीच्या गप्पा मारत ढकलतात. पहिली नीट गेली की पुढच्या बांगड्या मी चाळीस मिनिटं सहन करू शकते. पहिलीच दुखली तर मी तिथेच बंद पडेन, शंभर जणींसमोर. चंदन, रेशमी साडी, गाणी, सगळं करीन. एवढंच तू कर.

पळनियम्माळ : दार उघडंच टाकलंय, म्हणून सरळ आत आले. चालू द्या तुमचं.

मरगदम : या, या विहीणबाई. बसा. ताक आणू का? पूंगोडी, सासूबाईंना खुर्ची दे.

पळनियम्माळ : तिला कशाला उठवता, पोटुशी आहे. ती पत्रिका पदराखाली नका घालू, मी वाचूनच आलेय. चाळीस हात मोगऱ्याचा गजरा सांगून ठेवला होता फुलवाल्याला. आता तो मारुतीला घालते, त्याने काही सूचना छापलेल्या नाहीत.

पूंगोडी : थँक्यू, अत्तै.

मरगदम : विहीणबाई, तुम्हाला फसवायचं नव्हतं हो आम्हाला. लग्नाच्या वेळी आम्हालाच ठाऊक नव्हतं. नंतर कळलं तेव्हा माझी जीभ रेटली नाही.

पळनियम्माळ : बघण्याच्या दिवशी कोण खरं बोलतं? मी नव्हतं का सांगितलं, आमचा कदिर विडी-सिगारेटला शिवत नाही म्हणून? काल त्याला बसवून विचारलं, हे अ‍ॅस्पर्जर काय आहे. तासभर सांगत होता. जन्मात माझ्याशी एवढं बोलला नव्हता तो. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही पत्रिका माझ्या आधी धाकट्या जावेच्या हातात पडली.

पूंगोडी : मी वर्णानुक्रमे वाटल्या.

पळनियम्माळ : तरीच. हे बघ पोरी, एक ते तीन मला मान्य. चौथीचं असं कर. काचेच्या उतरव, पण कडुलिंबाच्या काडीचं कडं आपण आधी घालतो ना, ते बाळंतपणापर्यंत ठेव. ते वाजत नाही.

पूंगोडी : ते टोचतं का?

पळनियम्माळ : ओल्या काडीचं करून देते. सुकलं की बदलू.

पूंगोडी : मग चालेल.

पळनियम्माळ : पाचवी नाही चालायची. विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माझ्या दोघी जावा पाटावरून उठून चालत्या होतील आणि वर्षभर सगळ्या गावात तेच सांगत फिरतील.

मरगदम : मी तेच सांगतेय तिला मघापासून.

पळनियम्माळ : म्हणून वाट अशी काढू. सकाळी कोणी यायच्या आत, आतल्या खोलीत, दार लावून तुम्ही दोन बांगड्या भरा. मग बाहेर सवाष्णी भरतील.

मरगदम : चालेल. मला तेवढं पुष्कळ झालं.

पूंगोडी : दार लावलं की अपशकुन होत नाही?

पळनियम्माळ : कोणी बघत नाही ना.

पूंगोडी : म्हणजे अपशकुन अम्माच्या हातात नाही, बघणाऱ्यांमध्ये आहे. मग बघणाऱ्यांना आतल्या खोलीत बसवू आणि दार लावून घेऊ.

पळनियम्माळ : ही अशी बोलते. उत्तर मला घरी गेल्यावर सापडतं, तेही धड नसतं.

मरगदम : तिचं नका मनावर घेऊ. आणि पूंगोडी, मलाच ते जमायचं नाही. सहा वर्षांत मी काचेच्या बांगडीला हात लावलेला नाही.

पूंगोडी : हे खरं नाही. तू दर शुक्रवारी घालतेस.

मरगदम : पूंगोडी.

पूंगोडी : जेवण झाल्यावर. स्वयंपाकघराचं दार लावून. मी कारखान्यातली पहिली पाळी करून इथे जेवायला येते आणि बाहेरच्या खोलीत आडवी होते. तुला वाटतं मला झोप लागली. उजव्या हातात सहा, डाव्यात पाच. पाचांतली एक तडकलेली आहे, तिचा आवाज बोदा येतो. अर्ध्या तासाने काढून ठेवतेस.

मरगदम : कोणासमोर काय बोलावं… तुला एवढं शिकवलं, आणि हे नेमकं विहीणबाईंसमोर…

पूंगोडी : मी चुकीचं सांगितलं का? सहा आणि पाचच आहेत.

(मरगदम दोन्ही हात पदराखाली घेते.)

पळनियम्माळ : रंग कुठला?

मरगदम : लाल. शेवटच्या पोंगलला त्यांनी आणल्या होत्या. तेराव्याला बाकीच्या फोडल्या, या डब्यात राहून गेल्या. मला टाकवेनात, विहीणबाई. ओक्याबोक्या हातांनी पीठ मळायला बसलं की हे हात माझे वाटत नाहीत. तेवढा अर्धा तास वाटतात. हसा आता तुम्ही.

पळनियम्माळ : मी कशाला हसू? माझा नवराही सत्तरीचा आहे.

मरगदम : पूंगोडी, तुला तर तो आवाज सोसत नाही म्हणतेस. माझ्याही बांगड्यांचा त्रास व्हायचा?

पूंगोडी : होतो. दाताखाली काच आल्यासारखं होतं.

मरगदम : सहा वर्षं? मग एकदा तरी बोलायचंस.

पूंगोडी : बोलले असते तर तू घातल्या नसत्यास.

पळनियम्माळ : विहीणबाई, उठते मी. कडुलिंबाची काडी बघायला हवी. रविवारी दहाला तयार राहा. पहिली बांगडी भरायला पाटाच्या समोर बसा, भिंतीकडे नाही.

मरगदम : आणि तुमच्या जावा?

पळनियम्माळ : जातील तर जेवून जातील. सात तऱ्हेचे भात समोर टाकून त्या दोघी आजवर कुठून उठलेल्या नाहीत. आणि पहिल्यांदा तोंड उघडतील ते माझ्यासमोर, मग मी बघते.

मरगदम : मला रडू येईल तिथे.

पूंगोडी : रडलीस तरी चालेल. फक्त हात हलवू नकोस.

मरगदम : किती भरू तुला?

पूंगोडी : अकरा. सहा आणि पाच. तेवढ्यांची मला सवय आहे.