डोळे मिटून पाहिलेली भुतं

...आणि वर आमची कमलाक्षी, म्हणजे बायको, मलाच विचारते, "एवढे भियतास तर जातास कित्याक?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! तिखट लागतं म्हणून कुणी मिरचीचं लोणचं सोडलंय? बावन्न वर्षांचा माणूस मी, पंचायतीत कारकून, आमच्या हळर्ण गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी माझ्या हातच्या, पण कौलावरून मांजर गेलं तरी बसल्या जागी रामरक्षा सुरू... आणि भुताचा सिनेमा आला म्हटलं की पुढच्या रांगेत मी! घाबरतो, हो, घाबरतो. पण बघायचं असतंच ना!

तुम्हाला सांगतो, हे इतकी वर्षं जमलं ते बाबलीमुळे. बाबली सुर्लाच्या खाणीवर ट्रक चालवायचा. गोवा मुक्त झाल्यावर डिचोलीत तंबूतले सिनेमे यायला लागले, तेव्हापासूनची आमची जोडी. वाटणी ठरलेली. भूत यायच्या आधी संगीत बदलतं ना... ते बदललं की बाबली कोपरानं ढोसणार, "मिट! मिट मेल्या!" की मी मिटले डोळे. मग तो कानात सांगणार, "जिन्यार उबी आसा... पाय उलटे... केसांतसून पाणी गळता... आता वळली... गेली. उघड." एकतीस भुताचे सिनेमे पाहिल्याची माझ्या वहीत तारीखवार नोंद आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही भूत मी पाहिलेलं नाही!

आणि त्या बाबलीचे डोळे गेले हो. साखर होती, लक्ष दिलं नाही. आधी ट्रक सुटला, मग सायकल, मग समोरचं माणूस ओळखेना. डॉक्टर म्हणाले, आता येणार नाहीत. एक दिवस त्याची बायको जानकी आमच्या दारात. "भावजी, चार म्हयने झाले, खळ्यात पावल घालूक नाय हेंनी. उजेडच नाय तर भायर जावन काय करू, म्हणतत. जेवण तसाच ऱ्हवता. तुमी आपयलास तर येतीत."

आता मी कुठे बोलावणार? भजनाला? त्यात त्याचं मन कधी नव्हतंच. पण त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या गोकुळदासानं घरी व्हिडिओ आणला आणि रविवारी दुपारी भुताची कॅसेट लावणार म्हणाला. मी बाबलीकडे गेलो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हणाला, "मियां येवन काय बघू?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "तू मिट. मी बघतो."

निघून गेलं खरं, पण त्या रात्री मला झोप कुठली! मी! बघणार! आणि ऐन वेळी मीच डोळे मिटले तर? तर हा माणूस परत घराबाहेर पडायचा नाही, हे मला दिसत होतं. घाबरतो, हो, घाबरतो. पण आता बघायचं होतंच ना!

रविवारी खिडक्यांवर घोंगड्या टाकून खोली काळोखी केली, पन्नासेक माणसं, बाबली माझ्या शेजारी. तर गोकुळदासाची आई म्हणाली, परकी भुतं घरात आणताय, आधी गाऱ्हाणं घाला. गावची गाऱ्हाणी घालणारा विठू उठला. वेशीवरच्या देवचाराच्या नावानं नारळ, विडी ठेवली आणि खड्या आवाजात, "बा देवचारा म्हाराजा, शिमेच्या राखणदारा, आज खंयचाच भूत गावाची शीम ओलांडून भितर येवचा नाय, असा कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "होय म्हाराजा!"

झाला सिनेमा सुरू. अर्धा तास गेला, संगीत बदललं... बाबलीनं मान माझ्याकडे वळवली... दार करकरलं... फटीतून पाच बोटं आली... मी पापण्या बोटांनी वर धरून ठेवल्या हो, तुम्हाला सांगतो, डोळ्यांतून पाणी... आणि खट्! करंट गेला!

सगळे विठूवर. "तुका कोणी सांगलेला खंयचाच म्हणान? सिनेमातलो सोडून, म्हणूक काय जीभ जड झाली?" विठू म्हणतो, "देवचाराक काय म्हायत, कॅसेटीतलो खंयचो आणि पिंपळावयलो खंयचो!" मग दुसरं गाऱ्हाणं झालं, सिनेमातल्याला वाट सोड म्हणून. नाही आला करंट. घोंगडी काढा म्हणावं, तर खिडकीपर्यंत जायचं कुणी?

तेवढ्यात बाबली हलक्या आवाजात, "गुरुदास, बोटां दिसली? मगे?"

"मगे काय... काळोख झाला रे. कुणालाच काही दिसत नाही."

"कोणाकच नाय?" त्यानं चाचपून माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाला, "तर मगे मियां सांगतंय."

आणि त्यानं सांगायला घेतलं. ती बोटं कुणाची, ती बाई कुठल्या विहिरीतली, दारामागं किती वर्षं उभी... चार महिन्यांचा काळोख त्यानं त्यात ओतला असावा. बायका पदर तोंडात धरून. गोकुळदास व्हिडिओला टेकलेला, तो तिथेच. मध्येच करंट आला, पंखा फिरला, गोकुळदासानं बटणाकडे हात नेला, तर त्याची आई कडाडली, "रे, थांब! बाबलीचा पुरा जाव दी!"

तेव्हापासून दर रविवारी हेच. बाबली दाढी करतो, धुतलेला शर्ट घालतो, जानकी त्याला आणून सोडते, तो सांगतो आणि घर भरतं. चांगलं झालं ना? झालंच. पण माझं काय? डोळे मिटायची सोय होती, कानांना पापण्या कुठे असतात? घाबरतो, हो, घाबरतो... हातांनी कान झाकावेत म्हटलं, तर दोन्ही हात बाबलीनं घट्ट धरलेले. परवा म्हटलं, सोड रे जरा. तर माझ्या कानाशी येऊन म्हणतो कसा, "नको रे. एकट्यान सांगूक माका भिया दिसता."