पुजेतली बंदूक

आमचं गाव तासगावच्या पूर्वेला, एस्टी थांबती तिथनं दीड मैल आत. वडील गावकीची कामं करायचे, छप्पन साली आमी बौद्ध झालो आन ती कामं सोडली. मी त्याआधीच पलटणीत गेलो व्हतो. चौदा वर्षं नोकरी, त्यातली नऊ हत्यारं साफ करण्यात गेली. ह्या हातात कधी हत्यार बिघडलं न्हाई, हे लिवून घ्या.

गावात ठासणीची बंदूक एकच, वरच्या आळीतल्या आबांची, उसातल्या डुकरांसाठी लायसनची. तोंडाकडनं दारू घालायची, वर गोळी, गजानं ठासायची, मागं बोंडावर, म्हंजे आग आत न्हेणाऱ्या भोकाच्या तोंडावर, ठिणगीची टोपी बसवायची आन घोडा पाडायचा. मी पेन्शनीत आलो तसं आबांनी बोलावलं, म्हनले गड्या तू पलटणीतला, हिला तूच बघ. बघतो म्हनलं. त्यांच्या गोठ्यापाशी दगडावर बसून साफ करायचो. च्या यायचा वेगळ्या कपात, मी प्यायचो न्हाई.

काय सांगू तुम्हाला, लोकांना बंदूक म्हंजे नुसता बार वाटतो. खरं काम बार झाल्यावर. आधी गज नळीत सोडून बघायचा, गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, चार बोटं वर राह्यली तर भरलेली. मग तीन तांबे पाणी, उकळतंच पायजे, त्यानं लोखंड तापतं आन आपसूक वाळतं. मग गजाला चिंधी. सात चिंध्या लागतात, सातवी पांढरी न्हाई निघाली तर आठवी. बोंडाच्या भोकात सुई, शेवटी तेलाचा हात. आन हे त्याच दिवशी, कारण जळलेली दारू ओल धरती, रात उलटली की गंज.

त्या दसऱ्याला आबांच्या भावानं, तात्यानं, शिलंगणाला दोन बार काढले आन बंदूक तशीच देव्हाऱ्यापुढं ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं तिच्यावर. मी सांजच्याला गेलो, म्हनलं आबा, धुवायला द्या. तर म्हनले पुजेतली हाय, कोजागिरीपतोर हलवायची न्हाई. म्हनलं घटकाभर भाईर आणा, मी उंबऱ्याच्या आत येत न्हाई. तवा आबांच्या घरच्या वहिनी आतनं म्हनल्या, देवापुढच्या वस्तूला त्याचा हात कसा लावू द्यायचा? अवं, वर्षभर हाच हात चालला की! मी धुवायला आणलेला पाण्याचा तांब्या तिथंच पालथा केला आन घरी आलो.

पाच दिवसांनी तात्यानं वरनं तेलाचा हात फिरवला. चकाकली, म्हंजे झाली साफ. भरून उसात गेला. घोडा पाडला, टोपी वाजली, बार न्हाई. भोक कुंकवानं आन काळ्या मळीनं बुजलेलं. त्याला वाटलं दारू सांडली, गज घालून बघितला न्हाई, वर दुसरी दारू घातली, दुसरी गोळी, मग भोक सुईनं मोकळं केलं, नवी टोपी बसवली आन घोडा पाडला. दुप्पट भरलेली नळी फाटली. डाव्या हाताचा अंगठा आन दोन बोटं गेली.

फौजदार आला, म्हनला बंदूक साफ कोन करतं? आबांनी माझ्याकडं बोट केलं. लायसन जाईल ह्या भ्यानं माणसानं माझी चौदा वर्षं पुसली. चार दिवस चावडीवर बसवलं मला, बायकोनं भाकरी आणून दिली तवा पोरं हसली. मी एकच सांगत व्हतो, मागितली व्हती, दिली न्हाई. कोन ऐकतंय?

शेवटी तात्या सांगलीच्या दवाखान्यातनं जबाब द्यायला आला. हात बांधलेला, उभं राहवत न्हवतं. म्हनला साहेब, त्यानं मागितली, आमी दिली न्हाई, चूक आमची. आबा म्हनले, खुळ्या, गप बस. तात्या म्हनला, दादा, बोटं माझी गेल्यात, मी बोलनार.

मला सोडलं. आबांनी आजवर येक शब्द काढला न्हाई. रस्त्यात दिसले की मी बाजूला होत न्हाई, सरळ जातो, त्यांनीच सायकल वळवायची. राग गेला का म्हनून इचारू नका. गेला न्हाई, आन मला घालवायचापन न्हाई.

तात्या मात्र बाजारच्या दिवशी घरी येतो. चुलीपाशी बसतो, बायको सगळ्यांना सारखा कप देती. त्याला डाव्या हातात बशी धरवत न्हाई, मग मी धरतो. त्याचं भलं होऊ दे.