मयत टेकचंद वलेचा यांच्या दुकानातील फोनबाबत

जबाब, दि. २०/१०/१९९७

नाव सौ. कुंदा श्रीपाद टिल्लू, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, ता. उल्हासनगर, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती, सासूबाई व दोन मुलींसह राहते. अंबरनाथ येथे मोरिवली गावालगतच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे डबे बनविण्याचा कारखाना आहे. तेथे मी नऊ वर्षांपासून स्टोअर क्लार्क म्हणून कामास आहे.

यातील मयत टेकचंद वलेचा यांचे उल्हासनगर कॅम्प नं. ४ येथे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते. त्यांना सर्वजण टेकूभाई म्हणत, मीही तसेच म्हणत असे. ते मला कुंदादीदी म्हणत. आमची ओळख कामापुरती होती. ते कारखान्यात तीन-चार वेळा आले असतील. बाकी बोलणे फोनवर होत असे. घटनेच्या दिवसापर्यंत मी त्यांच्या दुकानात कधी गेले नव्हते.

फोनवरून काम करण्याची त्यांची रीत अशी होती. आमच्यासारखाच एक कॉम्प्युटर ते आपल्या काउंटरवर चालू ठेवीत. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून पाहत व मग मला सांगत. पडद्यावर जे येईल ते मी मोठ्याने वाचायचे. फायली कॉपी होण्यास वेळ लागतो. अशा वेळी ते रिसीव्हर काउंटरवर तसाच ठेवून दुसरे काम करीत आणि मध्येच येऊन "हां दीदी, काय आलं?" असे विचारीत. फोन ठेवायचा नाही, असे त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावले होते. त्यामुळे फोनवर बराच वेळ कोणी न बोलणे ही आमच्यात नेहमीची गोष्ट होती.

स्टोअर व ऑफिस येथील दोन कॉम्प्युटर वायरने जोडण्याचे काम मालकांनी त्यांना दिले होते. गुरुवार दि. १६ रोजी त्यांनी दोन्हीकडे नेटवर्कची कार्डे बसवली व वायर ओढली. ऑफिसचे कार्ड चालू झाले. स्टोअरचे झाले नाही. त्याच्या नावापुढे पिवळ्या रंगात उद्गारचिन्ह येत होते. टेकूभाई म्हणाले, "बसायला जागा दिली, पण बोलत नाही. अगदी माझ्या साडूसारखा आहे." अंधार पडू लागल्याने त्यांनी ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालविणाऱ्या प्रोग्रामची, फ्लॉपी माझ्याकडे दिली. उरलेले काम उद्या फोनवर करू, असे सांगून ते गेले.

शुक्रवार दि. १७ रोजी वसाहतीची साप्ताहिक सुट्टी होती. शनिवारी सकाळी दोन्ही कॉम्प्युटर चालू पाहिजेत असे मालकांनी सांगितल्याने मी एकटी कामावर गेले. गेटवर वॉचमन कोंडाजी, राहणार चामटोली, हा होता. आजूबाजूचे सर्व कारखाने बंद होते. स्टोअरमध्ये फोन आहे. मी टेकूभाईंच्या दुकानी दोनदा रिंग देऊन फोन ठेवला. नेहमीप्रमाणे त्यांनीच उलट फोन लावला. तेव्हा साडेअकरा वाजले असावेत.

त्यांची तब्येत कशी होती असे विचारले असता सांगते की, सकाळपासून छातीत जळजळते, दाल-पकवान जास्त झाले, असे ते म्हणाले होते. मी त्यांना थंड दूध घ्या म्हणून सांगितले. ते हसून म्हणाले, "दीदी, तुम्ही ड्रायव्हर बघा. डॉक्टर नका बनू." त्यावर मीही हसले. आणखी काही विचारले नाही.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी जुना ड्रायव्हर काढून टाकला. आतल्या प्रत्येक कार्डाला एक क्रमांक असतो, दोन कार्डांना एकच क्रमांक मिळाला तर दोन्ही अडतात, एका खोलीची चावी दोन भाडेकरूंना दिल्यासारखे होते, असे त्यांनी मला समजावले. मी त्यांच्या सांगण्यावरून पाच हा क्रमांक बदलून दहा केला. नंतर फ्लॉपी घालून ड्रायव्हर पुन्हा भरण्यास सुरुवात केली. फायलींची नावे पडद्यावर येऊ लागली. ती इंग्रजीत होती व तुटक होती, म्हणून मी एकेक अक्षर वाचत होते.

त्याच वेळी फोनमधून काहीतरी जड पडल्याचा व स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्यांच्या दुकानात जागा कमी असल्याने वस्तू पडण्याचे आवाज नेहमी येत. तरी मी "टेकूभाई, काय पडलं?" असे विचारले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. तो लांबून आल्यासारखा होता. ते म्हणाले, "कुछ नहीं. पढ़ते रहो."

ते माझ्याशी मराठीत बोलत. हिंदीत बोलले हे तेव्हा माझ्या लक्षात आले, परंतु मी वाचणे चालू ठेवले.

पडण्यापूर्वी भांडणाचा किंवा दुसऱ्या कोणाचा आवाज आला काय असे विचारले असता सांगते की, तसा आवाज आला नाही. पंखा फिरत होता. बाहेरून टेम्पोचे हॉर्न ऐकू येत होते.

फायली भरून झाल्यावर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करू काय, असा प्रश्न पडद्यावर आला. मी तो वाचून दाखवला व होय दाबू का असे विचारले. उत्तर आले नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी सांगितल्याशिवाय मी कधीही काही दाबत नसे, म्हणून थांबले. ते दुसऱ्या कामात असतील असे मला वाटले. किती वेळ थांबले ते निश्चित सांगता येणार नाही. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. मधून मधून मी तोच प्रश्न वाचत होते. ते बटण मी शेवटपर्यंत दाबलेले नाही.

त्यानंतर फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला. "टेकूभाई, ओ टेकूभाई, प्रिंटर हुआ क्या?" असे तो म्हणाला. त्यास कोणी उत्तर दिले नाही. "दुकान खुला छोड़ के चाय पीने गया साईं," असे तो हसून कोणाला तरी म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आले की टेकूभाई दुकानात आहेत आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाहीत. मी रिसीव्हरमध्ये ओरडले. "आत बघा, खाली बघा," असे मी मराठीत व हिंदीत ओरडत होते. त्या माणसापर्यंत ते गेले नाही. नंतर त्याचा आवाज आला नाही. तो इसम कोण हे मला माहीत नाही. आवाज ओळखू शकेन.

मी फोन ठेवून पुन्हा उचलला. डायल टोन न येता त्याच दुकानातील पंख्याचा आवाज आला. फोन त्यांनी लावलेला होता. लावणाऱ्याने ठेवल्याशिवाय आमच्याकडची लाईन सुटत नाही. मी असे चार-पाच वेळा करून पाहिले. कारखान्यात दुसरा फोन नाही. ऑफिस व मालकांची केबिन यांना कुलूप होते.

मी कोंडाजीला हाक मारली. त्याला पाठवण्याचा विचार केला, परंतु त्याला वाचता येत नाही व कॅम्पाची माहिती नाही. दुकानाचा पत्ता छापील बिलावर होता, तो मी घेतला. कोंडाजीच्या हातात रिसीव्हर दिला व बोलत राहा असे सांगितले. तो म्हणाला, "मी काय बोलू बाय? माझी नि त्यांची वलख नाय. नि गेटवर कोन?" मी म्हणाले, "काहीही बोला, मामा. गप्प राहू नका. गेटचं मी मालकांना सांगेन."

सुट्टीमुळे वसाहतीत रिक्षा नव्हती. मी मोरिवली नाक्यापर्यंत पळत गेले. तेथे बऱ्याच वेळाने रिक्षा मिळाली. नाक्यावर पीसीओ असताना तेथून कोणाला का कळविले नाही असे विचारले असता सांगते की, त्यांच्या घरचा नंबर माझ्याकडे नव्हता. दुकानाचा होता तो लागणार नव्हता. पोलिसांना कळवावे हे मला रिक्षा सुरू झाल्यावर सुचले. तेव्हा आपण लवकर पोहोचू असे वाटले. कॅम्पात पत्ता शोधण्यात आणखी वेळ गेला.

मी दुकानात पोहोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. दुकान उघडे होते. टेकूभाई काउंटर व भिंत यांच्या मधल्या जागेत कुशीवर पडलेले होते. स्टूल आडवे होते. कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटच्या पत्र्याच्या कोपऱ्याला रक्त लागलेले होते. तो कोपरा मी पंचांना दाखवला आहे. मी हाक मारल्यावर शेजारच्या प्लास्टिकच्या दुकानातून माणसे आली. त्यांनी मयतास उचलून टेम्पोत घातले. "अभी तो यहीं बैठा था," असे त्यातील एकजण पुन्हा पुन्हा म्हणत होता. दाखल करण्यापूर्वीच मयत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, असे मला नंतर कळले. मयताच्या पत्नीने मला रुग्णालयात विचारले की, ते शेवटचे काय बोलले. मी सांगितले. तू काय वाचत होतीस, असेही त्यांनी विचारले.

पंचनाम्याच्या वेळी फोनचा रिसीव्हर जागेवर होता, तो कोणी ठेवला असे विचारले असता सांगते की, टेम्पो गेल्यावर दुकानात मी एकटी होते. रिसीव्हर काउंटरवर आडवा पडलेला होता व त्यातून बारीक आवाज येत होता. मी तो कानाला लावला. कोंडाजी बोलत होता. "भात पिवला परलाय. दिवालीच्या आधी कापाया घेनार. म्हस पन व्याया झालीये. तुम्ही ऐकताव ना? जागं र्‍हावा. बाय निंगालीये, येईलच आता."

मी त्याला माझे नाव सांगितले. तो म्हणाला, "पोचलीस? कसं हायेत ते?"

रिसीव्हर मी ठेवला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार किंवा संशय नाही.

हा मजकूर मला मराठीतून वाचून दाखविण्यात आला. मी जसे सांगितले तसेच यात लिहिलेले आहे, त्यात कमी-जास्त करावयाचे नाही, म्हणून खाली सही करीत आहे.

समक्ष, ठाणे अंमलदार.

सही, कुंदा श्रीपाद टिल्लू