उशिरा दाबलेलं बटण

मेंदूच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक शिंपीणबाई आपला नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. क्रेन चालवणारा एक म्हातारा डोक्यावरच्या तारा काढून बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आपल्या लेकीला म्हणाला,

"लाल दिव्याला बटण दाबायचं, हिरव्याला गप्प बसायचं. एकदाही चुकलो नाही."

"चुकला नाहीत बाबा, पण उशीर केलात."

"माझ्या आधीच्या पोरानं हिरव्यालाही दाबलं. स्वतःच सांगत होता. तो पास!"

"डॉक्टर आत्ताच बाहेर येऊन सांगून गेले, तुमच्या मेंदूला दिसतं वेळेवर, पण ठरवायला वेळ लागतो. वयानं होतं."

"अगं, खाली माणसं उभी असतात. ठरवून हात हलवावा, की हलवून मग ठरवावं?"

"आता हलवायचाच नाही. क्रेन बंद."

"साहेब दात धरून आहे माझ्यावर. त्यानंच काढलं हे तपासणीचं खूळ."

"साहेबांनी नाही. मीच त्यांना फोन केला होता."

शिंपीणबाईंनी नजर भिंतीकडे वळवली.

"तू?"

"त्या दिवशी गाडीत माझी पोर होती. सायकलवाला समोर आला, मी ओरडले, तरी तुमचा पाय ब्रेकवर जाईना. त्यानं उडी टाकली म्हणून वाचला."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कालची पोर मला गाडी शिकवते."

म्हातारा कपाळावर राहिलेला तारांचा लेप पुसत राहिला.

"बाबा, ऐकलंत ना? फोन मी केला होता."

"पहिल्या वेळीच ऐकलं गं. घाव वेळेवरच बसतो. ओरडायला तेवढा उशीर होतो आता."